सातवे चाक

सुरतेहून धुळे, जळगाव करत येणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ मलकापूरजवळ बुलढाणा जिल्ह्यात शिरतो, नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमानाजवळून पुढे सरकतो आणि खामगाव ओलांडून अकोल्याच्या हद्दीत जातो. २०१० साली देशभरच्या महामार्गांचे क्रमांक बदलले, तरी या पट्ट्यातली जुनी माणसे त्याला अजून 'सहा नंबर'च म्हणतात. हजिऱ्यापासून पारादीपपर्यंतचा माल या रस्त्याने धावतो आणि दिवाळीच्या मागेपुढे त्यात वऱ्हाडच्या स्वतःच्या मालाची भर पडते. गावोगावचा कापूस जिनिंगकडे निघतो, प्रेसिंगमधून १७० किलोच्या गाठी बाहेर पडतात, बाजार समित्यांमधून सोयाबीनची पोती चढतात. ट्रकमालकाची वर्षाची कमाई ठरते ती याच तीन-चार महिन्यांत. गाडी एक रात्र जरी रस्त्यात अडली, तरी ती रात्र त्याला परत मिळत नाही.

गाडी अडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे टायर. सहा चाकी ट्रकला सातवे चाक असते ते यासाठीच. चेसिसच्या खाली, कधी मधल्या भागात एका बाजूला तर कधी मागच्या टोकाशी, स्टेपनी आडवी टांगलेली असते. हा लेख तिच्याविषयी आहेच, पण त्याहून जास्त तिला धरून ठेवणाऱ्या लोखंडी यंत्राविषयी आहे. स्टेपनीबद्दल सगळे बोलतात. तिच्या कॅरिअरबद्दल कोणी बोलत नाही, आणि अडचणीच्या वेळी दगा देतो तो बहुतेकदा कॅरिअरच.

१०.०० × २० मापाचा टायर, आत ट्यूब आणि फ्लॅप, वर लोखंडी डिस्क, असे मोठ्या ट्रकचे पूर्ण चाक शंभर किलोच्या आसपास भरते. एवढे वजन एका माणसाने गाडीखालून काढायचे आणि पुन्हा वर चढवायचे, म्हणून कॅरिअरची रचना झाली. तिचे दोन ठळक प्रकार रस्त्यावर दिसतात. एकात लोखंडी चौकट एका बाजूला बिजागरीवर झुलते आणि दुसऱ्या बाजूला लांब बोल्टांनी चेसिसला आवळलेली असते. दुसऱ्यात साखळी असते. साखळीच्या टोकाला आडवी पट्टी किंवा थाळी असते, ती डिस्कच्या मधल्या भोकातून खाली जाऊन आडवी बसते. वरच्या घरात वर्म गिअर असतो. बाहेरून दांडा घालून फिरवला की साखळी गुंडाळली जाते आणि चाक वर येते. बोलेरो पिकअप, टाटा एस यांसारख्या लहान गाड्यांखालीही याच तत्त्वाची छोटी आवृत्ती सापडते.

वर्म गिअरची करामत समजून घेण्यासारखी आहे. दांड्याला जोडलेला आटेदार दंड दातेरी चाकाला फिरवू शकतो, पण दातेरी चाक उलट त्या दंडाला फिरवू शकत नाही. आट्यांचा उतार इतका कमी असतो की घर्षण त्याला जागीच धरून ठेवते. त्यामुळे दांडा सोडला तरी शंभर किलोचे चाक खाली येत नाही, वेगळा ब्रेक लावावा लागत नाही. पण याच गुणामुळे यंत्र अडकले की दोन्ही दिशांनी अडकते. दाते झिजले, घरात गंज धरला, चिखल सुकून बसला की दांडा हलत नाही. मग ड्रायव्हर दांड्यावर पाइप चढवून जोर लावतो, वरून हातोडा मारतो, आणि जे एरवी साफ करून सुटले असते ते तुटते.

जादा चाक बरोबर नेण्याची ही पद्धत फार जुनी नाही. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात चाक गाडीवरून सहज काढता येत नसे. टायर फुटला की रस्त्याच्या कडेला बसून तिथेच तो उतरवून दुरुस्त करावा लागे. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावच्या टॉम आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी हवा भरलेला टायर चढवलेली, आरे नसलेली एक जादा धाव तयार केली. बसलेल्या चाकाच्या बाजूला ती शिकंज्यांनी आवळायची आणि गावापर्यंत पोचायचे. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, त्यावरून त्या धावेला स्टेपनी हे नाव मिळाले. पुढे डिस्कच नटांनी काढता-घालता येऊ लागली आणि त्या भावांची धाव मागे पडली, नाव मात्र आपल्याकडच्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी राहिले.

थंडीच्या देशांत कॅरिअरचा शत्रू ठरलेला आहे. तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते चाकांनी उडून गाडीखाली बसते आणि दोन-तीन हिवाळ्यांत साखळी किंवा तारेची दोरी खाऊन टाकते. बुलढाण्यात बर्फ पडत नाही, रस्त्यावर मीठ टाकायचा प्रश्नच येत नाही. म्हणून इथल्या हिवाळ्याला आपण निरुपद्रवी मानतो. माझे मत वेगळे आहे. आपल्या हिवाळ्यात कॅरिअर खराब होतो तो पावसाळ्यात साठवलेल्या कारणांनी, आणि त्यांतले एक कारण मीठच आहे.

आधी मातीचे पाहू. या जिल्ह्याच्या शेतांत काळी कसदार माती आहे. कापसाला ती मानवते, कारण ती पाणी धरून ठेवते. तिचे कण अतिशय बारीक असतात, ओली झाली की ती फुगते आणि सुकली की आक्रसते. शेतात हा गुण आहे, पण गाडीखाली तोच दोष ठरतो. जून ते सप्टेंबर शेतरस्त्यांवरून, बाजाराच्या आवारांतून फिरणाऱ्या ट्रकखाली हा चिखल थरावर थर बसतो. साखळीच्या कड्यांमध्ये, वर्मच्या घरात, बोल्टच्या आट्यांत तो शिरतो. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर विटेसारखा कडक होतो, पण आत ओल राहते. पहाटेचे दव ती ओल टिकवून धरते. वरून कोरडे दिसणारे लोखंड आतून गंजत राहते, आणि नोव्हेंबरात हंगाम ऐन भरात असताना टायर फुटतो तेव्हा हा कडक झालेला गोळा पहिल्यांदा माणसाच्या नजरेस पडतो.

आता मीठ. महामार्गाच्या उत्तरेला पूर्णा नदीचे खोरे आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. आपल्या जिल्ह्यातले शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा आणि मलकापूर हे तालुके कमी-अधिक प्रमाणात त्यात येतात. इथल्या विहिरी-बोअरचे पाणी खारट आहे, आणि त्याचा त्रास माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. ज्या घरात प्यायला गोडे पाणी जपून वापरतात, तिथे ट्रक धुवायला गोडे पाणी कोण देणार? सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर बोअरचेच पाणी जोराने मारले जाते. चिखल निघतो, गाडी चकचकीत दिसते, आणि जिथे पाणी सुकते तिथे क्षार मागे राहतात. साखळीच्या दोन कड्या एकमेकींवर टेकतात ती जागा, थाळी आणि डिस्क यांच्यामधली फट, नटाच्या मागची बाजू, इथे ते साठतात. क्षार हवेतली ओल ओढून घेतात, आणि गंजाला लागते तेवढे पाणी डिसेंबरचे दव रोज पहाटे पुरवते. गोऱ्यांच्या देशात रस्ता जे करतो ते आपल्याकडे धुण्याचे पाणी करते.

म्हणून या भागासाठी कॅरिअर साफ करण्याची उत्तम पद्धत कोरडी आहे. थंडीत चिखलाचा वरचा थर सुकून कडक झालेला असतो. खरवडणीने आणि तारेच्या ब्रशने तो ढेकळांनी सुटतो, पाण्याची गरज फारशी पडत नाही. उरलेली धूळ पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या हवेने उडवावी. धुवायचेच असेल तर शेवटी दोन बादल्या गोडे पाणी फक्त साखळीवर आणि वर्मच्या घरावर ओतावे आणि लगेच हवेने सुकवावे. अख्ख्या ट्रकला गोडे पाणी देणे परवडणार नाही, दोन बादल्या कुणालाही परवडतात.

साफसफाईच्या आधी चाक खाली उतरवावे लागते आणि इथे घाई नको. गाडी सपाट, पक्क्या जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गिअरमध्ये ठेवावी, मागच्या-पुढच्या चाकांना अटकण लावावी. उतरवताना माणसाने बाजूला उभे राहावे. साखळी कधी तुटेल ते सांगता येत नाही, आणि जुन्या साखळीवरचे शंभर किलो छातीवर यायला क्षणही लागत नाही. गाडीखाली आडवे होऊन स्टेपनीचा बोल्ट खोलणारी पोरे मी महामार्गावर पाहिली आहेत. ते दृश्य पाहून जीव दडपतो. त्यांना तसे करू देणाऱ्या मालकाला मी दोषी धरतो.

चाक जमिनीला टेकल्यावरही साखळी शेवटपर्यंत सोडावी. बहुतेक जण गरजेपुरतीच सोडतात, त्यामुळे आत गुंडाळलेला भाग वर्षानुवर्षे उजेड पाहत नाही. खरी झीज तिथेच असते. कडी जिथे कडीवर घासते तिथे ती बारीक झाली आहे का, एखादी कडी लांबट झाली आहे का, थाळीचा कोपरा वाकला आहे का, हे हाताने चाचपून पाहावे. झिजलेल्या कडीला वेल्डिंग मारून घेण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूच्या लोखंडाचा कस जातो आणि पुढच्या वेळी तुटते ती शेजारची कडी. साखळी खराब झाली असेल तर पूर्ण बदलावी. बांधणीची तार किंवा नायलॉनचा दोर हा उपाय नाहीच.

गंजून बसलेल्या बोल्टवर रात्रभर रॉकेल किंवा डिझेल मुरू द्यावे, सकाळी हातोडीने हलके ठोकावे, थोडे पुढे थोडे मागे असे करत खोलावे. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगायची आहे. चाक जागेवर असताना त्या बोल्टला गॅसच्या ज्योतीने तापवू नये, कधीच नाही. डिस्क तापली की आतले रबर तापते, त्यातून वायू सुटतात, हवेचा दाब वाढत जातो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. ज्योत बाजूला घेतल्यावरही काही वेळाने तो फुटू शकतो.

वंगणाबाबत मतभेद आहेत. ट्रकच्या कमानींना आणि चेसिसला जळके ऑईल मारण्याची रीत जुनी आहे. मला ती स्टेपनीच्या जागी मान्य नाही. इंजिनातून काढलेले ते काळे तेल टायरवर ठिबकते आणि रबराला फुगवून मऊ करते. शिवाय ते जमिनीत जाते ते वेगळेच. वर्मच्या घरात पाणी सोसणारे ग्रीस भरावे, जुने कडक झालेले आधी काढून टाकावे. साखळीवर मात्र ग्रीसचा जाड लेप देऊ नये. काळ्या मातीची धूळ त्यात कालवली जाते आणि तो लेपच कड्यांना कानशीसारखा घासू लागतो. पातळ तेलाचा हात देऊन जादाचे फडक्याने पुसून घ्यावे, एवढे पुरते. मग रिकामी साखळी दोन-चारदा पूर्ण वर-खाली करावी. हाताला जाणवते की यंत्र मोकळे झाले. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून नट हाताने फिरतो का ते पाहावे. आणि कॅरिअरला चोरीच्या भीतीने कुलूप लावलेले असतेच, ते विसरू नये. ढाब्यावर रात्री स्टेपनी चोरीला जाते, म्हणून कुलूप हवेच. पण गंजलेल्या कुलपात किल्ली फिरली नाही तर ते चोराइतकेच मालकालाही अडवते. कुलपावर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बांधला तर माती आत जात नाही.

आता हवा. खाली टांगलेली स्टेपनी कोणी तपासत नाही, कारण व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही. चाक चढवतानाच व्हॉल्व्ह हाताशी येईल अशा बाजूला ठेवला तर हा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. थंडीचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबरच्या दुपारी ३५ अंशांत १२० पौंड हवा भरली आणि काहीही गळती झाली नाही, तरी डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत ती साधारण १०९ पौंड भरते. ही केवळ थंडीची घट झाली. धावणारी चाके चालता चालता तापतात आणि दाब परत मिळवतात, लटकलेली स्टेपनी थंडच राहते. त्यात व्हॉल्व्हची बारीक गळती मिळवली तर तीन महिन्यांनी उतरवलेले चाक मालभरल्या गाडीखाली घालण्याच्या लायकीचे उरत नाही. त्यामुळे स्टेपनीत गाडीच्या सर्वांत जास्त दाबाच्या चाकाएवढी हवा ठेवावी. जास्त झाली तर काढता येते, पहाटे चार वाजता राजूर घाटात भरता मात्र येत नाही.

राजूर घाटाचे नाव उगाच घेतले नाही. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, मलकापूर-मोताळा खाली सपाटीला. वर चढणाऱ्या गाडीला हिवाळ्यात एकाच तासात दोन हवामाने भेटतात. घाटात धुके, वळणे आणि अरुंद कडा. तिथे चाक बदलायला लागणारा वेळ म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येक वाहनासाठी धोक्याचा वेळ. कॅरिअर मोकळा असेल तर काम अर्ध्या तासात उरकते, अडकलेला असेल तर रात्र जाते.

जिल्ह्याच्या दक्षिणेला समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. जुन्या महामार्गावर काही मैलांत एखादी पंक्चरची टपरी भेटतेच, कुणी केरळहून, कुणी उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेला माणूस रात्री दोनला उठून जॅक घेऊन येतो. त्या माणसांचे या महामार्गावर मोठे उपकार आहेत. समृद्धीवर दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, टपऱ्या नाहीत. तिथे स्वतःची स्टेपनी आणि ती खाली आणणारा कॅरिअर हाच पहिला आधार. रस्ता जितका आधुनिक, तितकी या जुन्या यंत्राची गरज वाढली आहे.

मग त्याची निगा का राहत नाही? कारण ती कुणाचीच जबाबदारी नाही. पूर्वी ट्रकवर क्लीनर असायचा. गाडी पुसणे, हवा पाहणे, स्टेपनी चढवणे-उतरवणे हे त्याचे काम, आणि त्यातूनच तो पुढे ड्रायव्हर व्हायचा. आता बऱ्याच गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो. मेकॅनिक सांगितलेले काम करतो, कॅरिअर पाहा असे त्याला कुणी सांगत नाही. पंक्चरवाल्याशी गाठ पडते ती टायर फुटल्यावर. मालक निघताना विचारतो, "स्टेपनी हाये ना?" ड्रायव्हर म्हणतो, "हाये ना शेठ." दोघेही खरे बोलतात. ती खाली येते का, हे दोघांपैकी कुणी पाहिलेले नसते.

वाईट टायर स्टेपनीला टाकायची पद्धतही याच बेफिकिरीतून येते. गुळगुळीत झालेला, दोनदा रिमोल्ड केलेला टायर 'राहू दे स्टेपनीला' म्हणून खाली टांगला जातो. रिमोल्ड मागच्या जोडचाकांत चालतो, पुढच्या चाकाला घालणे जिवाशी खेळ आहे, कारण तिथे टायर गेला की स्टिअरिंग हातात राहत नाही. आणि पुढचा टायर फुटला तर स्टेपनीवर काय आहे हे निवडायची सोय रस्त्यावर नसते.

साखळी सैल राहिलेली स्टेपनी खड्ड्यागणिक झोके घेते आणि एक दिवस सुटते. धावत्या ट्रकखालून सुटलेले शंभर किलोचे चाक मागच्या दुचाकीवर आदळले तर काय होईल हे सांगायला नको. त्यामुळे चाक वर चढवल्यावर ते कॅरिअरला घट्ट टेकले आहे, हाताने ढकलून हलत नाही, याची खात्री करावी आणि माल भरून वीस-तीस किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा एकदा दांडा फिरवून पाहावा.

दसऱ्याला या जिल्ह्यातला प्रत्येक ट्रक धुतला जातो, झेंडूची माळ चढते, नारळ फुटतो. पाऊस नुकताच ओसरलेला असतो आणि कापसाचा हंगाम समोर असतो. निगेसाठी वर्षातला याहून चांगला दिवस नाही. मालकांना, ड्रायव्हर भावांना माझी विनंती आहे की या दसऱ्याला पूजेआधी सातवे चाक खाली उतरवा, साखळी शेवटपर्यंत सोडा, त्या चाकालाही कुंकू लावा आणि मगच वर चढवा. पुढे संक्रांतीपर्यंत महिन्यातून एकदा तेच करा. लागते ते ग्रीसचा एक डबा आणि एक तास. आणि ट्रकच्या मागून जाणाऱ्या बाकीच्यांनो, एखाद्या गाडीखाली स्टेपनी लोंबताना दिसली तर अंतर ठेवा, पुढच्या ढाब्यावर किंवा टोलनाक्यावर ती गाडी थांबली की ड्रायव्हरला जाऊन सांगा.